अकराशे चारची तिसरी चावी

१

आमच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये कुणीतरी राहत होतं, हे माझ्या आईला चपला काढायच्या आधीच कळलं.

मार्चमधल्या रविवारची सकाळ होती. परळच्या ‘श्रमसाफल्य’ सोसायटीत अकराव्या मजल्यावर आमचा ११०४ नंबरचा फ्लॅट आहे. आमची चाळ पाडून टॉवर झाला तेव्हा तो आईच्या नावावर मिळाला. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर नोव्हेंबरमध्ये मी तिला हिंदमाताजवळ माझ्या घरी आणलं. तेव्हापासून फ्लॅट बंद होता. तो भाड्याने द्यायचा होता, आणि मला इन्शुरन्सच्या नोकरीतून वेळ नव्हता. म्हणून मी लालबागचा एजंट हितेंद्र शोधून काढला. भाडेकरू आणणं, करार, पोलीस व्हेरिफिकेशन, दुरुस्त्या सगळं तो बघणार होता. त्या सकाळी आई त्याच्या कागदावर सही करणार होती. मनाविरुद्धच, पण करणार होती.

हितेंद्र लिफ्टपाशी फोनवर बोलत राहिला. आईने आपल्या चावीने दार उघडलं आणि ती उंबऱ्यातच थांबली.

“मेघना, आत येऊ नकोस. खाली बघ.”

“काय आहे खाली? काहीच नाहीये.”

“तेच म्हणतेय. शेजारी दोन टॉवर चढतायत. चार महिने बंद घरात बोटभर धूळ हवी. ही लादी काल पुसलीय.”

मग ती आत गेली. माझी आई, सुभद्रा तांबे, एकतीस वर्षं इथल्याच एका हॉस्पिटलमध्ये नर्स होती. वॉर्डमध्ये राउंड घ्यावा तशी ती घरभर फिरली. बाथरूममध्ये भरलेली बादली, वर ताट झाकलेलं. हॉलमधल्या आमच्या जुन्या पलंगावर धुतलेली चादर, चारही कोपरे नीट खोचलेले. शेवटी ती खिडकीच्या ग्रिलपाशी थबकली. ग्रिलच्या वरच्या सळीला पांढऱ्या गॉजचा एक फास बांधलेला होता.

“सलाइन टांगायला?” मी विचारलं.

“किंवा नळीतून द्यायचं पातळ जेवण. ज्याला गिळता येत नाही त्याचं.” तिने बोटाने गाठ चाचपली. “आणि हे एकदाच बांधलेलं नाही. सळीवर बघ, किती ठिकाणी रंग घासलाय.”

तेवढ्यात हितेंद्र हसत हसत फाइल घेऊन आत आला. आईने त्याच्याकडे वळून विचारलं,

“सहीचं नंतर बघू. आधी सांग, माझ्या घरात पेशंट कोण ठेवतंय?”

२

हितेंद्रचं हसू विरायला वेळ लागला नाही. पण तो गांगरलाही नाही.

“मावशी, काय बोलताय? मी तर पार्टी दाखवायला आणतो फक्त.”

“चावी तुझ्याकडे नोव्हेंबरपासून आहे,” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. “चार महिने सांगतोयस, मार्केट थंड आहे, भाडं कमी करा. आणि इथे धंदा चालू! मी पोलिसांना बोलावते.”

“मॅडम, आईशप्पथ. दहा पार्ट्या आणल्या मी. कुणाला किचन छोटं वाटलं, कुणाला अकरावा मजला नको. पण राहायला कुणाला दिलं नाही.”

“दहा?” आईने शांतपणे विचारलं.

“दहा-बारा.”

“बरं. बाहेर जा. मी आतून दार ओढून घेते. तुझ्या चावीने उघड.”

दार बंद झालं. कुलपात चावी गेल्याचा आवाज आला. मग ती हलवल्याचा. मग जोरात हलवल्याचा. मी आणि आई आत उभ्या होतो, आणि दार काही उघडेना. दोन मिनिटांनी आईने आतून लॅच फिरवून दार उघडलं. हितेंद्रच्या कपाळावर घाम होता.

“चावी जरा टाइट आहे मावशी.”

“टाइट नाही. खोटी कापलीय. मेघनाने दादर स्टेशनबाहेर फुटपाथवर करून घेतली होती, आम्ही लावून बघितलीच नाही. तूही नाही. चार महिन्यांत एकदासुद्धा नाही.”

त्याने मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, “मोठ्या भाड्याचे फ्लॅट आधी जातात मावशी. तुम्ही कंटाळून पूर्ण कॉन्ट्रॅक्ट दिलं असतंत तर मग मी लक्ष घातलं असतं.”

माझे कान तापले. चावी मी केली होती, माणूसही मीच शोधला होता.

“तू चोर नाहीस,” आई म्हणाली. “खोटारडा आहेस. फाइल उचल आणि जा.”

लिफ्ट खाली गेल्यावर मी म्हटलं, “मग राहिलं कोण? तुझी चावी तुझ्या पर्समध्ये. त्याची लागतच नाही.”

“तिसरी आहे ना,” आई म्हणाली. “सोसायटीच्या कपाटात. पाकिटात बंद, माझी सही मारलेली.”

३

सोसायटीच्या ऑफिसात सेक्रेटरी शामराव परब पेपर वाचत बसले होते. चाळीत आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. कणकवलीचे, पासष्टीचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट. आता तिसऱ्या मजल्यावर, ३०२ मध्ये.

त्यांच्या डोक्यावरच्या फळ्यावर जानेवारीची नोटीस होती: ‘बॅचलर, रुग्ण व रुग्णांचे नातेवाईक यांना सदनिका भाड्याने देऊ नये. हुकमावरून, सेक्रेटरी.’

आईने सगळं सांगितलं. मात्र गॉजच्या फासाबद्दल ती बोलली नाही.

“अरेरे!” शामरावांनी पेपर घडी केला. “सुभद्राताई, मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं. एजंटच्या नादाला लागू नका. घाई काय आहे? मी आहे ना इथे. बंद घर म्हणजे निर्धास्त घर.”

“तुमच्याकडची चावी बघू का?”

त्यांनी कपाट उघडून खाकी पाकीट काढलं. तोंडावर चिकटपट्टी, तिच्यावरून आईची सही, अर्धी पाकिटावर आणि अर्धी पट्टीवर. एक अक्षर हललेलं नव्हतं. आईने पाकीट उलटंसुलटं केलं, आतली चावी चाचपली, आणि परत दिलं.

“उघडून बघू या?” मी म्हटलं.

“नको,” आई म्हणाली. “कमिटीसमोरच उघडलेलं बरं. जपून ठेवा शामराव. आम्ही पंधरा दिवस नाशिकला चाललोय, माझ्या बहिणीकडे. आलो की कुलूप बदलू.”

मी तिच्याकडे बघतच राहिले. नाशिकला आमचं कुणी नाही.

बाहेर गेटपाशी रघु वॉचमन होता. साठीला टेकलेला, चाळीच्या वेळेपासूनचा माणूस. आईने त्याच्याकडून पाहुण्यांचं रजिस्टर मागितलं. तो देताना नुसता उभा राहिला. नेहमी ‘सिस्टर, गुडघा कसा आहे?’ विचारणारा रघु त्या दिवशी एक शब्द बोलला नाही.

११०४ समोर एकही नोंद नव्हती. आई मात्र पानं उलटत मागे मागे गेली, जानेवारीपर्यंत, आणि मला तीन पानांचे फोटो काढायला लावले.

“काय सापडलं?” रस्त्यावर आल्यावर मी विचारलं.

“घरी चल. इथे नको.” आणि मग, टॅक्सीत बसताना, “उद्या आपल्याकडे पाहुणे येणारेत.”

४

“तू कशावरून म्हणतेस?” घरी पोचल्यावर मी तिला गाठलं.

“मेघना, घर सोडून जाणारा माणूस जाताना चादर धुऊन, कोपरे खोचून, बादली भरून जातो का? ते गेलेल्यांनी केलेलं नाही. येणाऱ्यांसाठी केलंय. भरलेलं पाणी आठ दिवस कुणी ठेवत नाही. उद्या, फार तर परवा.”

मी माझ्या मोबाइलवर फ्लॅटचं वीजबिल उघडलं. ते आपोआप भरलं जायचं, मी कधी बघितलंच नव्हतं. नोव्हेंबर, डिसेंबर किरकोळ. जानेवारीपासून भरलेल्या घरासारखं.

“जानेवारी,” आई म्हणाली. “नोटीससुद्धा जानेवारीचीच.”

मी चहा ठेवला. मग जे मनात होतं ते बोलून टाकलं. “आई, म्हणूनच मी म्हणत होते एजंट हवा. हितेंद्र नालायक निघाला, चांगला बघू. तुला हे झेपणार नाही. भाडेकरू पारखायचे, भांडायचं, कागद करायचे...”

“सत्त्याऐंशी साली मी गिरगावात खोली बघत होते,” ती मध्येच म्हणाली. “नोकरी नवीन, ड्युटी परळला. एजंट मला तीन घरी घेऊन गेला. पहिल्या घरी खोली बघितली, पसंत पडली. बाईंनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, आत्ताच भाच्याला दिलीय. दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घराच्या जिन्यात एजंट मला म्हणाला, ‘बाई, इथे दुसरं आडनाव सांगा, माझा वेळ फुकट जातोय.’”

“तू काय केलंस?”

“तिसऱ्या घरात माझंच आडनाव मोठ्याने सांगितलं आणि खाली उतरले. तुझ्या बाबांशी लग्न होईपर्यंत हॉस्टेलला राहिले.” तिने कप खाली ठेवला. “मला आयुष्यात पहिल्यांदा कुणालातरी घर द्यायचंय. त्याचं दार कुणासाठी उघडायचं हे एजंटने ठरवायचं नाही. सेक्रेटरीनेही नाही.”

ही गोष्ट तिने मला चौतीस वर्षांत कधी सांगितली नव्हती.

सोमवारी मी रजा टाकली. दहाव्या मजल्यावरची प्रिती माझी शाळेतली मैत्रीण. तिने आम्हाला मागच्या सीटवर बसवून गाडी थेट बेसमेंटमध्ये नेली. गेटवर कुणी पाहिलं नाही. आम्ही फ्लॅटमध्ये शिरलो, दार ओढून घेतलं आणि स्वयंपाकघरात दोन स्टुलांवर बसलो.

अकरा वाजले. बारा वाजले. पावणेएकला लिफ्ट थांबल्याचा आवाज आला.

कुलपात चावी फिरली. एका झटक्यात, लोण्यासारखी.

५

दारात रघु होता. एका हातात कुणाचीतरी सुटकेस, दुसऱ्या हातात चावी.

त्याने आईला पाहिलं आणि सुटकेस पायावर पडली तरी त्याला कळलं नाही.

त्याच्या मागे एक तिशीची बाई, खांद्याला शबनम पिशवी, हातात हॉस्पिटलची फाइल. तिला धरून एक वयस्कर गृहस्थ उभे. मानेला पांढरा रुमाल, नाकातून आलेली नळी गालावर चिकटवलेली.

“रघुकाका, तुम्ही?” माझ्या तोंडून निघालं.

“सिस्टर...” तो तिथेच खाली बसला. “मला कामावरून काढतील. मी नाही म्हटलं होतं. साहेबांनीच चावी दिली. लादी पुसायची, पाणी भरायचं, माणसं वर सोडायची. एवढंच माझं.”

ती बाई घाबरून म्हणाली, “काय झालं? आमचं बुकिंग आहे जी. पंधरा दिवसांचे पैसे आधीच भरले. चंद्रपूरहून आलो आम्ही. बाबांचं रेडिएशन उद्यापासून आहे.”

“कुणाला भरले?”

“फोनवर एक साहेब बोलत. हॉस्पिटलच्या गेटवर एकाने नंबर दिला होता. नाव नाही माहीत. ते म्हणाले, बिल्डिंगमध्ये कुणाशी बोलू नका, कुणी विचारलं तर गावचे पाहुणे सांगा.” मग तिला काहीतरी उमगलं असावं. “हे घर... तुमचं आहे?”

“माझं,” आई म्हणाली. “तुझं नाव?”

“अपेक्षा मडावी. मी शाळेत शिकवते.”

आईने पुढे होऊन त्या गृहस्थांची नाडी बघितली, त्यांना पलंगावर नीट बसवलं, पाठीशी उशी दिली. मग रघुपुढे हात केला. त्याने चावी तिच्या तळहातावर ठेवली. आईने ती उजेडात धरली. कंपनीची मूळ चावी, आमच्याच जुडग्यातली.

“पण पाकीट तर सीलबंद आहे,” मी म्हटलं. “काल आपण दोघींनी बघितलं. आत चावी होती!”

“होती ना,” आई म्हणाली. “चल, आता विचारू, कुठली ते.”

६

ऑफिसात शामराव होते आणि कमिटीचे अभय साळवी. आईने प्रितीकडून त्यांना बोलावून घेतलं होतं. मागोमाग रघु. अपेक्षाही आली, म्हणाली, बाबा झोपलेत, मला ऐकायचंय.

शामरावांनी रघुला बघितलं आणि क्षणात सगळं ओळखलं. पण माणूस कसलेला होता.

“शेवटी हा निघाला तर! तीस वर्षं मीठ खाल्लं आमचं. अभय, याला आजच्या आज काढून टाक.”

रघु दाराकडे सरकला.

“थांबा,” आई म्हणाली. “पाकीट काढा शामराव. आता कमिटी आहे समोर.”

त्यांनी ते टेबलावर ठेवलं. “बघा की. तुमची सही, तुमची पट्टी. माझ्याकडून चावी हलली नाही. यानेच कुठूनतरी बनवून घेतली असेल.”

“बनवलेली चावी आमच्या कुलपाला किती लागते ते मी काल बघितलं,” आई म्हणाली. “रघुकडची मूळ आहे. आम्हाला बिल्डरकडून तीनच मिळाल्या. एक माझ्या पर्समध्ये. एक नवऱ्यासोबत गेली, ते अॅडमिट होते तेव्हा हॉस्पिटलात हरवली, म्हणून तर एजंटसाठी नवी कापावी लागली. उरली ही.” तिने पाकीट उचललं. “सगळे सही कुठे आहे तिथेच बघतात. पाकिटाला दोन टोकं असतात. अभय, खालची शिवण बघ.”

अभयने पाकीट उलटं धरलं. खालच्या शिवणीवर डिंकाची पिवळट, चकाकती रेघ होती, दोन्ही कडांना बाहेर आलेली.

“कारखान्याचा डिंक असा ओघळत नाही,” आई म्हणाली. “काल हातात घेतलं तेव्हाच दिसलं. आणि आतली चावी चाचपली तेव्हा लहान लागली. उघड.”

अभयने शिवण उचकटली. टेबलावर एक छोटी, चपटी चावी पडली. लोखंडी कपाटाची.

“हे सगळं रघु करू शकतो!” शामराव उसळले. “ऑफिसची किल्ली त्याच्याकडेही असते.”

मला वाटलं, आता अडकलो. खरंच होतं ते.

“असते,” आई म्हणाली. “म्हणून मी रजिस्टर बघितलं. मेघना, फोटो दाखव.”

मी मोबाइल अभयच्या हातात दिला.

“माणसं मागच्या जिन्याने चढवता आली असती, पण आजारी माणसाला लिफ्ट लागते आणि लिफ्टपाशी कॅमेरा आहे. म्हणून नोंद करावीच लागली. ११०४ वर नाही, ३०२ वर. जानेवारीपासून नऊ कुटुंबं, प्रत्येकाचा आठवडाभर मुक्काम. धनबाद, नंदुरबार, पाटणा. प्रत्येकापुढे ‘गावचे पाहुणे’. आणि एका दिवसापेक्षा जास्त मुक्काम असेल तर सेक्रेटरीची सही लागते. ती नऊही ठिकाणी आहे. तुमची.” ती किंचित पुढे झुकली. “शामराव, तुमचं गाव कणकवली. धनबादला तुमचे कोण भाऊबंद?”

अभयने मोबाइल शामरावांपुढे धरला.

“रुग्णांना घर देऊ नका अशी नोटीस तुम्हीच लावलीत,” आई थांबली नाही. “नोटीस लागली की दुसरं कुणी देणार नाही. गरजू माणूस तुमच्याकडेच येणार, आणि लपूनछपून राहतो म्हणून तक्रारही करणार नाही. मला एजंट नको म्हणत होतात तेही याचसाठी. घर भाड्याने गेलं असतं तर तुमचं दुकान बंद झालं असतं.”

शामराव खुर्चीत मागे रेलले. त्यांचा आवाज चिडका होता, पडलेला नव्हता.

“वाईट काय केलं मी? ही माणसं हॉस्पिटलसमोर फुटपाथवर झोपतात. डोक्यावर छप्पर दिलं. उपकारच केला.”

उत्तर आईने दिलं नाही. अपेक्षा पुढे आली.

“उपकार? फोनवर हाच आवाज होता. तुम्हीच आम्हाले सांगितलं होतं, खोकला आला तर खिडकी लावून घ्या. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये. माझ्या बाबांचा घसा कापलाय जी. ते खोकणार नाहीत तर काय करतील?”

अभयने राजीनाम्यासाठी कोरा कागद शामरावांपुढे सरकवला.

७

राजीनामा आला, घेतलेले पैसे अपेक्षाला परत मिळाले, पोलिसांत तक्रारही झाली. रघुची नोकरी राहिली. आईने कमिटीला लेखी दिलं होतं, की त्याला काढलं तर ती त्याच्या बाजूने साक्ष द्यायला उभी राहील.

पण नोटीस फळ्यावर तशीच होती. बुधवारी अभय हिंदमाताला आमच्या घरी आला. जरा अवघडून म्हणाला, “सिस्टर, शामरावांचं चुकलंच. पण काही मेंबर म्हणतायत, पेशंट नकोतच. नियम तर नियम आहे. त्या बाईंना दुसरीकडे सोय करायला सांगा.”

“कुठल्या सर्वसाधारण सभेत ठराव झाला?”

“तसा... झाला नाही. नोटीसच लागली.”

“मग तो नियम नाही, कागद आहे. मेंबर कधीच आजारी पडणार नाहीत का? तुझे वडील माझ्याच वॉर्डात होते ना रे? त्यांना कुणी खिडकी लावायला सांगितलं नव्हतं. हवी तर सभा बोलव. मी येईन, आणि एकटी येणार नाही. भाडेकरू माझी, जबाबदारी माझी. ती कुठेही जाणार नाही.”

अभय पाणी प्यायला आणि ‘बघतो’ म्हणून गेला. दुसऱ्या दिवशी प्रितीने मला फळ्याचा फोटो पाठवला. कागद निघाला होता, चार टाचण्या तेवढ्या राहिल्या होत्या.

मी आईला एका नव्या एजंटचा नंबर काढून ठेवला होता. चांगला होता, ऑफिसातल्या दोघांनी खात्री दिली होती. तो मी तिला दिला नाही. त्याऐवजी शनिवारी भाडेकराराची नोंदणी कशी करायची ते वाचून काढलं, आणि व्हेरिफिकेशनसाठी तिघी मिळून पोलीस चौकीत गेलो. आई, अपेक्षा आणि मी.

हवालदाराने फॉर्म भरायला घेतला. मालकाचं नाव, भाडेकरूचं नाव, मूळ पत्ता, कामाचं ठिकाण. अपेक्षाने ‘मडावी’ सांगितलं तेव्हा आईने मोठ्याने स्पेलिंग सांगितलं, चौकीभर ऐकू जाईल असं. मग हवालदार एका रकान्यावर थांबला.

“एजंट कोण?”

“कुणी नाही.”

“मधे कुणीतरी असेलच ना बाई. घर दाखवलं कुणी?”

आईने त्याच्याकडून पेन मागून घेतलं, फॉर्म आपल्याकडे फिरवला आणि रकाना अरुंद होता तरी पूर्ण नाव लिहिलं: सुभद्रा भिकाजी तांबे.